बाबांच्या जागी वाटाणा

ज्या कादंबरीत एकही प्राणी नाही ती यापुढे छापायची नाही, असा ठराव प्रकाशनसंस्थेच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. ठरावाला अनुभवाचा आधार होता. ज्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर माणूस होता त्या गोदामात वाळवीची वाट बघत पडल्या होत्या, आणि ज्यांच्यावर मांजर होतं त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या. एका कादंबरीत तर मांजर फक्त मुखपृष्ठावर होतं. आत भाऊबंदकीचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं भांडण होतं. तीही खपली. मांजर आता येईल, मग येईल, या आशेवर वाचकांनी ती शेवटपर्यंत वाचली, असं वितरकाचं म्हणणं होतं.

ठरावाला जोडून काही पोटनियमही झाले. कादंबरीतला प्राणी मरता कामा नये. आजारी पडल्यास त्याने पुढच्याच प्रकरणात बरं व्हावं. तो उपाशी राहू नये. राहिल्यास त्याची भरपाई त्याच पानावर करावी. माणसांच्या बाबतीत संस्थेचं धोरण उदार होतं. माणसं लेखकाने हवी तशी, हवी तितकी मारावीत, फक्त त्या वेळी कुत्रा खोलीत नसावा, कारण त्याच्या मनावर परिणाम होतो.

या ठरावाच्या कात्रीत नेमका आपला लेखक सापडला. लेखक म्हणजे दिवसा विमा कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी साहित्यिक. त्याची आजवरची पुस्तकं नातेवाइकांनी कौतुकाने विकत घेतली होती आणि पुढे त्याच्याच वाढदिवसाला त्याला भेट दिली होती. या खेपेला मात्र त्याने जीव ओतला होता. कादंबरी वडिलांवर होती.

हे वडील, म्हणजे बाबा, वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते मुलाकडेच राहत. सकाळी एकदा गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले की मुलगा कचेरीतून येईपर्यंत हलत नसत. त्यांच्यावरची कादंबरी लिहिताना त्यांचा व्यत्यय नको म्हणून लेखक खोलीचं दार आतून लावून बसे. बाबा मधूनच दार वाजवत.

"झालं का रे?"

"बाबा, तुमच्यावरच लिहितोय. मध्ये मध्ये बोलू नका ना."

बाबा खूश होऊन परत खुर्चीत जात. आपल्यावर पुस्तक येतंय हे त्यांनी दूधवाल्याला, न्हाव्याला आणि इमारतीच्या राखणदाराला सांगून ठेवलं होतं. पुस्तक हातात पडलं की पहिल्यांदा आपणच वाचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी चष्म्याची काच बदलून घेतली होती.

संस्थेच्या संपादिकाबाईंनी लेखकाला बोलावून घेतलं. त्यांच्या केबिनमध्ये पुस्तकांपेक्षा मांजरांची चित्रं जास्त होती.

"मी रडले हो," संपादिका म्हणाल्या. "वडिलांचं पात्र काय सुंदर उतरलंय! फक्त एक अडचण आहे."

"कोणती?"

"ते माणूस आहेत."

लेखकाला वाटलं, ही प्रस्तावना असेल. तो थांबला.

"म्हणजे असं बघा," त्या म्हणाल्या, "म्हातारा माणूस दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून मुलाची वाट बघतोय. हे वाचून वाचकाला अपराधी वाटतं. पदरचे पैसे मोडून अपराधी कोण वाटून घेईल? तिथेच कुत्रा बसवा, वाचकाला भरून येतं. करतात दोघं तेच. पण कुत्रा केला की पटतं."

"अहो, पण ते माझे वडील आहेत."

"असू देत ना! आम्ही कुठे नाही म्हणतोय? मनात वडीलच ठेवा. कागदावर कुत्रा करा."

मग संपादिकांनी खुर्ची पुढे ओढली आणि लेखकाला प्राणिकथांचं मर्म समजावून सांगितलं. कुत्रा कशावरही मत देत नाही. तुम्ही कधी आलात, कुठे होतात, हा सदरा कितीला घेतलात, केस असे का कापलेत, काही म्हणून विचारत नाही. तुम्ही आलात याचाच त्याला आनंद. हे सुख माणसाला घरात मिळत नाही, म्हणून तो दुकानात जाऊन कादंबरी घेतो. एवढ्यात त्यांचा फोन थरथरला. त्यांनी नाव बघून तो उपडा ठेवला.

"आईचा. रोजचा याच वेळेचा. काम काही नसतं हो, नुसतं 'जेवलीस का' विचारायचं असतं. हं, तर मी काय सांगत होते? निरपेक्ष प्रेम."

लेखक म्हणाला, "विचार करून सांगतो." मग संपादिकांनी पहिली आवृत्ती केवढी काढणार ते सांगितलं आणि त्याचा विचार तिथेच पूर्ण झाला.

कुत्र्याचं नाव ठरवायला समिती बसली. हल्लीच्या कुत्र्यांना खाण्याच्या वस्तूंची नावं असतात, या मुद्द्यावर समितीचं एकमत होतं. गाजर आणि बिस्कीट अगोदरच दुसऱ्या प्रकाशकांकडे गेल्यामुळे वाटाणा हे नाव मुक्रर झालं. संगणकाला हुकूम गेला की जिथे जिथे 'बाबा' दिसेल तिथे तिथे 'वाटाणा' घाल आणि 'करतात'चं 'करतो' कर. संगणक आज्ञाधारक. चहा येण्यापूर्वी लेखकाचे वडील पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुत्रा झाले होते.

बाकीचे बदल लेखकाने हाताने करायचे ठरलं होतं. तो रात्री जेवून कामाला बसला आणि चक्रावला, कारण बदलण्यासारखं काही सापडेना. 'वाटाणा दाराच्या आवाजासरशी मान वर करतो. हल्ली त्याला कमी ऐकू येतं, पण माझी पावलं तो ओळखतो. पुढ्यात जे ठेवू ते मुकाट्याने खातो. पाहुणे आले की आम्ही त्याला आतल्या खोलीत बसवतो.' एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नव्हती. याचं आपल्याला बरं वाटलं की वाईट, हे तो ठरवणार होता, पण छपाईची तारीख जवळ आली होती. तीन प्रकरणं तपासल्यावर पुढेही असंच असणार असं गृहीत धरून त्याने 'ठीक आहे' असा शेरा मारला. संस्थेत छापण्यापूर्वी पुस्तक वाचण्याची पद्धत नव्हती.

त्यामुळे चौथ्या प्रकरणापासून वाटाणा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचू लागला. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरू लागला. तरुणपणी एका दुकानदाराला पोकळ वजनासकट कसं पकडलं, ही हकीकत तो दर पाहुण्याला ऐकवू लागला. आणि वर्षातून एकदा, जिन्याचा कठडा धरत, तो निवृत्तिवेतनाच्या कचेरीत जाऊन खिडकीसमोर उभा राहू लागला आणि आपण अजून जिवंत असल्याचा दाखला घेऊन परत येऊ लागला.

कादंबरीवर वाचकांच्या उड्या पडल्या. 'आमचा कुत्राही अगदी असंच करतो,' असं शेकडो लोकांनी कळवलं. लोकांनी आपापल्या कुत्र्यांना चष्मे लावून फोटो काढले. 'प्राण्याच्या अंतर्मनाचा इतका खोल वेध आजवर कुणी घेतला नव्हता,' असं एका समीक्षकाने लिहिलं, आणि एका पशुवैद्याने दुजोरा दिला की उतारवयात कुत्री दुकानदारांवर संशय घेतात. कादंबरीत एक जागा तर अशी होती की तिथे भले भले ढसाढसा रडत. मुलगा रोज संध्याकाळी वाटाण्याला तळ्यावर फिरायला नेतो आणि परत येईपर्यंत त्याच्याशी मनातलं बोलतो. आता खरं सांगायचं तर लेखकाने बाबांना तळ्यावर कधीच नेलं नव्हतं. पण कादंबरी म्हटली की थोडी कल्पनाशक्ती वापरावीच लागते.

"आलं का रे पुस्तक?" बाबा रोज विचारत.

"छापखान्यात अडकलंय, बाबा."

"बापरे. फारच जाड झालंय वाटतं."

पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत उभं होतं. बाबांना लांबचं नीट दिसत नाही, नाहीतर गॅलरीतून दिसलं असतं, असं लेखक स्वतःला सांगे.

मग प्राणीप्रेमी वाचक मंडळाचं पत्र आलं. मंडळ वाटाण्याला भेटायला येणार होतं.

"कुत्राच नाही," लेखक म्हणाला.

"आणू की," संपादिका म्हणाल्या.

जाहिरातींना प्राणी पुरवणारा एक पुरवठादार त्यांच्या ओळखीचा होता. तो एक मळकट बदामी रंगाचा, जाड, म्हातारा कुत्रा घेऊन लेखकाच्या घरी हजर झाला. "वयामुळे जाहिरातींतून काढलाय याला," तो म्हणाला. "पण नजर बघा साहेब, काय उदास आहे! तरुण कुत्र्याला ही नजर शिकवायची म्हणजे घाम निघतो. याला आपोआप आलीय." वाटाण्याच्या दर्शनाला मागणी असेपर्यंत कुत्रा इथे राहील आणि ती संपली की पुरवठादार तो परत नेईल, असा करार झाला.

"आणि याला बसवायचा कुठे?" लेखकाच्या बायकोने विचारलं. तिला घरात सगळे सूनबाई म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू.

"गॅलरीत. वेताच्या खुर्चीत. कादंबरीत तसंच आहे."

"त्या खुर्चीत बाबा बसतात."

"अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"मग तुम्हीच सांगा त्यांना."

लेखकाने घसा खाकरला. "बाबा, जरा आत बसाल का? पुस्तकाच्या कामासाठी खुर्ची लागणार आहे."

"माझ्या पुस्तकासाठी?" बाबा ताडकन उठले. "अरे मग घे की! विचारतोस काय?" त्यांनी स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसून दिली आणि ते आतल्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या घोडीशेजारी स्टुलावर जाऊन बसले. सूनबाई नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तो मुखपृष्ठ बघत होता.

ठरलेल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाबाई दोन सभासदांना घेऊन आल्या. त्यांनी खुर्चीतली उशी दाबून बघितली, पाण्याच्या भांड्याचा वास घेतला, गॅलरीत वारा कुठून येतो त्याची चौकशी केली. वाटाण्याने कुणाचीही दखल घेतली नाही. त्याच्या या अलिप्तपणाने दोन्ही सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी घर पाहिलं आणि आतल्या खोलीत त्यांना बाबा सापडले.

"हे कोण?" अध्यक्षाबाईंनी विचारलं. "कादंबरीत नाहीत हे."

"हे घरातलेच आहेत," लेखक म्हणाला. "यांची तशी काही भूमिका नाही."

बाबा हात जोडून उत्साहाने म्हणाले, "अहो, पुस्तक माझ्याव..."

"बाबा, हा घ्या तुमचा चहा," सूनबाई मध्येच म्हणाली आणि नवऱ्याकडे तिने असं पाहिलं की त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

अध्यक्षाबाईंचा फोन वाजू लागला होता. त्यांनी तो पर्समध्ये खोल सारला. "माझ्या वडिलांचा. डोळे दाखवायचेत म्हणून कधीपासून मागे लागलेत. बघू, सवड झाली की. हां, वाटाण्याचे डोळे तपासलेत का कुणी? डाव्या डोळ्यात पाणी दिसतंय मला. हयगय नको."

मंडळाचा लेखी अहवाल आठवड्याभरात आला. वाटाण्याची व्यवस्था समाधानकारक. तथापि कादंबरीत नमूद केल्याप्रमाणे त्याला रोज संध्याकाळी तळ्यावर नेण्यात यावं व त्याच्याशी मनातलं बोलण्यात यावं. यावर देखरेखीसाठी मंडळाचा स्वयंसेवक समोरच्या पदपथावर उभा राहील. ता. क. घरातील एक वृद्ध गृहस्थ वाटाण्याच्या खुर्चीकडे वारंवार पाहतात, त्यांना प्रेमाने समज द्यावी.

सूनबाईने तो अहवाल वाचला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवरा कचेरीत गेल्यावर ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि एक प्रत विकत घेऊन आली. ती तिने बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, हे तुमचं पुस्तक."

बाबांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. सूनबाई स्वयंपाकघरातून कानोसा घेत राहिली. बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग खोलीतून असा काही हसण्याचा गडगडाट झाला की गॅलरीतला कुत्रा खुर्चीतून उतरून धावत आत आला. बाबांचे डोळे हसून हसून वाहत होते. निदान हसून असावेत, असं सूनबाईने मानलं.

संध्याकाळी लेखक घरात शिरला तेव्हा बाबा दारातच उभे होते. हातात पुस्तक, आणि पुस्तकात खुणेसाठी घातलेले वर्तमानपत्राचे कपटे.

"छान लिहिलंयस," बाबा म्हणाले. "मापात कुठे खोट नाही. फक्त काही कलमांची अंमलबजावणी राहिलीय."

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"हे बघ. 'मुलगा रोज संध्याकाळी वाटाण्याला तळ्यावर नेतो.' चल."

"अहो, पण ते वाटाण्याबद्दल आहे."

"आणि वाटाणा कोण आहे?"

लेखकाने कुत्र्याकडे पाहिलं.

"चपला घाल," बाबा म्हणाले.

असे ते तिघं रोज तळ्यावर जाऊ लागले. पहिले काही दिवस लेखक धुसफुसत होता. पण पदपथावरचा स्वयंसेवक मागोमाग येत असे, त्यामुळे मनातलं बोलणं भाग होतं. त्याने कुत्र्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. कचेरीतला साहेब कसा छळतो, लिहायला कसं जमत नाही, लोक टाळ्या वाजवतात तेव्हा कशी भीती वाटते. तो कुत्र्याशी बोले आणि उत्तर बाबा देत. कधी कधी उत्तर बरंही असे. हळूहळू तोंड कुत्र्याकडे करायचं त्याच्या लक्षात राहीनासं झालं. 'वाटाणा सुखात आहे,' स्वयंसेवकाने कळवलं, 'सोबत एक वृद्ध सेवकही दिलेला आहे.' खुर्चीचाही प्रश्न परस्पर मिटला. कुत्रा खुर्चीत बसेना. तो बाबांच्या पायावर हनुवटी टेकून बसे, त्यामुळे तो गॅलरीत दिसावा म्हणून बाबांना खुर्चीत बसवणं भाग पडलं. घर कधी नव्हे इतकं हसतंखेळतं झालं, आणि प्रकरण इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण यशाला थांबवत नाही कुणी.

संस्थेने वाटाण्याचा जाहीर सत्कार ठरवला. सभागृह खचाखच भरलं. वाटाण्याला फुलांची माळ घातली गेली आणि ती त्याने थोडी खाल्ली. मग प्रेक्षकांतून एक बाई उठल्या.

"वाटाणा पेपर कसा वाचतो, ते दाखवाल का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संपादिकांनी वाटाण्याला चष्मा लावला, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलं. वाटाणा त्यावर बसला. लोकांनी समजूतदारपणे वाट पाहिली. त्याला उठवून पुन्हा चष्मा लावला, तेव्हा त्याने तो चावून बघितला.

"निदान गुडघ्यांबद्दल तरी कुरकुरू दे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चौथं प्रकरण खोटं आहे की काय?"

कुजबुज वाढली. कुणी शिट्टी वाजवली, कुणी पायाने ताल धरला. कुत्रा बिचकून टेबलाखाली शिरला आणि थरथर कापू लागला. ते बाबांना बघवेना. ते पहिल्या रांगेतून उठले आणि गुडघ्यांना शिव्या घालत मंचावर चढले.

"अहो, त्या मुक्या जिवाला कशाला छळताय? तो वाटाणा मीच आहे."

त्यांनी चावलेला चष्मा पुसून लावला, वर्तमानपत्र उचलून एक बातमी वाचली, तिच्यावर दोन शिव्या हासडल्या आणि मग पोकळ वजनवाल्या दुकानदाराची हकीकत सांगितली. चौथ्या प्रकरणातल्यासारखी, शब्दशः. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आता लोक उठून टाळ्या वाजवणार, असं लेखकाला वाटलं.

"म्हणजे," पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खालच्या आवाजात विचारलं, "आम्ही एका म्हाताऱ्यासाठी रडलो?"

मग एकच गिल्ला झाला.

"शुद्ध फसवणूक आहे ही!"

"मी ऑफिसातून रजा काढून रडले होते!"

"अहो, असा एक आमच्या घरीही आहे! त्याच्यासाठी पुस्तक कशाला विकत घेऊ?"

अध्यक्षाबाई संतापाने लाल झाल्या होत्या. हा समस्त प्राणिमात्रांचा विश्वासघात असल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि वाजणारा फोन बंद करून त्या सभात्याग करत्या झाल्या.

संस्था डगमगली नाही. पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत हमी छापली गेली: 'या कादंबरीच्या निर्मितीत कोणत्याही म्हाताऱ्या माणसाचा वापर करण्यात आलेला नाही.' वाचकांचा जीव भांड्यात पडला आणि खप पूर्ववत झाला. पण वाटाण्याच्या जिवंत दर्शनाची आता सोय राहिली नव्हती. संपादिकांनी लेखकाला पुढची कादंबरी कासवावर मागितली, कारण कासवाकडून कुणी काही करून दाखवण्याची अपेक्षा करत नाही, आणि पुरवठादाराचा फोन आला.

"उद्या दुपारनंतर कुत्रा न्यायला येतो, साहेब."

"मग तो राहणार कुठे?"

"गोदामात. खायला मिळतं तिथे. जाहिरातीत आता चालायचा नाही. आणि म्हातारा कुत्रा घरात कोण ठेवतं?"

"आपण ठेवू," सूनबाई म्हणाली.

"करार आहे, ताई. कागदात लिहिलंय तसंच होणार. माझ्या हातात काही नाही."

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. कुत्र्याची हनुवटी त्यांच्या पायावर होती. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवला.

"हयातीच्या दाखल्याचा दिवस आहे. याला सोबत नेतो. जिना चढताना धरायला कुणीतरी हवं."

दारात थांबून ते सूनबाईच्या कानात काहीतरी कुजबुजले. ती हसली, मान हलवून "मुळीच नाही" म्हणाली. मग दोघंही म्हातारे, एकमेकांच्या चालीने, जिना उतरले.

पुरवठादार आला, साखळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. लेखक कचेरीतून आला. संध्याकाळ झाली. तळ्यावर जायची वेळ टळून गेली. दाखल्याची कचेरी कधीच बंद झाली असणार. सूनबाई दोनदा राखणदाराकडे जाऊन आली. रस्त्यावर ना कुत्रा ना बाबा.

लेखक गॅलरीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वेताच्या खुर्चीत बसला. तिथून रस्त्याचं वळण दिसत होतं. बसथांबा दिसत होता. कोपऱ्यावरच्या दुकानासमोरचा बाकही लख्ख दिसत होता. तळ्यावर जायचं सुरू होण्यापूर्वी, कचेरीतून सुटल्यावर तो रोज त्याच बाकावर ऐसपैस बसायचा, अंधार पडला की उठायचा, आणि घरात पाऊल टाकताना म्हणायचा, "आज कचेरीत फारच उशीर झाला, बाबा." बाबांना लांबचं नीट दिसत नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. पण रोज अंधारात, रस्त्याच्या वळणावरच ते त्याला ओळखून हात करायचे, हे त्याला आत्ता आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कठड्यावर वाकून वळणाकडे बघत राहिला.

रीतीप्रमाणे कथा इथे संपायला हवी. पण त्या पैजेचं सांगितलं पाहिजे. दारातून निघताना बाबा सूनबाईच्या कानात म्हणाले होते, "हा पठ्ठ्या यावरही एखादी गोष्ट लिहिणार बघ. लिहू दे. पण मी आणि हा कुत्रा, दोघंही वेळेवर घरी आलो नाही, तर वाचणाऱ्याला आधी याचीच काळजी लागेल. लाव पैज." "मुळीच नाही. तुमचीच लागेल, बाबा," सूनबाई म्हणाली होती, "लोक काही इतके वाईट नसतात." तर वाचकहो, मघापासून तुमचा जीव कुणासाठी खालीवर होत होता, ते मी विचारणार नाही. सूनबाई पैज हरली, एवढंच सांगतो.

आले. दोघंही आले. आधी कुत्रा वळणावर दिसला आणि मागोमाग पट्ट्याला लोंबकळत बाबा. वर आल्यावर बाबांनी खिशातून एक कागद काढून ऐटीत पुरवठादारापुढे धरला. खिडकीमागच्या कारकुनाने कादंबरी वाचली होती, तीही पहिली आवृत्ती. त्याने कुत्र्याला बघताच ओळखलं, सगळ्या कचेरीला बोलावून आणलं, त्याला बिस्किटं चारली, फोटो काढले, आणि 'वाटाणा, वय झालेले, राहणार वरील पत्त्यावर, यांस समक्ष पाहिले असून ते हयात आहेत' असा दाखला ठसठशीत शिक्का मारून हातात दिला. पत्ता या घराचा होता. पुरवठादाराने शिक्का दोनदा न्याहाळला, साखळी खिशात घातली आणि सरकारी कामात आपण पडत नाही असं म्हणून तो निघून गेला.

लेखकाने वाकून बाबांच्या चपला काढल्या. बाबांनी पाय लांब केले.

"आणि तुमचा दाखला, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"माझा राहिला. याचे फोटो काढता काढता खिडकी बंद करायची वेळ झाली. मी म्हटलं, अहो, मीही जिवंत आहे. तर तो म्हणाला, असाल हो आजोबा, पण तसं कुठे वाचनात आलं नाही. उद्या या."